ब्रूस लीचा अभिनय

चित्रपटातील मारामारी हा विषय रसिकांच्या चर्चेत बसण्याजोगा नाही, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात पुष्कळच रूढ आहे. घरातील मुले तो प्रसंग श्वास रोखून पाहतात. वडील मंडळी तेवढा वेळ एकमेकांशी बोलून घेतात. आणि खेळ संपल्यावर कथानक, संगीत, नटांची कामे ह्यांविषयी चर्चा झाली, तरी मारामारीविषयी ‘बरी होती’ ह्यापलीकडे कोणी शब्द काढीत नाही. ही उपेक्षा सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. बहुसंख्य चित्रपटांतून हाणामारी येते ती कथानकात जीव उरला नाही म्हणून, आणि जाते तीही मागे काही न ठेवता. तथापि शंभरांतील नव्वद कविता सामान्य असतात म्हणून कोणी काव्याविषयी बोलणे सोडून देत नाही. कोणत्याही कलाप्रकाराची परीक्षा त्यातील उत्कृष्ट उदाहरणावरून करावी, हा न्याय जर सर्वमान्य असेल, तर तो येथेही लावला पाहिजे. आणि तो लावावयाचा म्हटले की ब्रूस ली ह्या नटाचे नाव टाळता येत नाही.

‘नट’ हा शब्द मी येथे हेतुपूर्वक योजला आहे. लीविषयी लोकांत जी हकिगत रूढ आहे ती अशी की, तो मूळचा युद्धविद्येतील गुरू. त्याचे अद्भुत कौशल्य पाहून चित्रपटवाल्यांनी त्याला पडद्यावर आणले. अभिनय त्यास बेताचाच येत असे, परंतु हातापायांच्या विजेपुढे तो उणेपणा कोणाच्या ध्यानात आला नाही. ह्या हकिगतीत क्रमच उलटा सांगितला जातो. ली हा नटाच्या घरात जन्मलेला, नट म्हणून वाढलेला आणि मागाहून युद्धविद्येकडे वळलेला मनुष्य होता. पुढे तो पडद्यावर परतला तो परका म्हणून परतला नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या चित्रपटांतील जे खरे सामर्थ्य आहे ते कोठून आले ह्याचा उलगडा होतो, आणि ते सामर्थ्य प्रहारात नसून प्रहाराच्या अलीकडे आणि पलीकडे आहे, हे माझे म्हणणे वाचकांस कदाचित् पटेल.

लीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी सान फ्रान्सिस्को येथे झाला. त्याचे वडील ली होई-चुएन हे कॅन्टन प्रांताच्या संगीत नाटकांतील विनोदी भूमिका करणारे प्रसिद्ध नट. नाटकमंडळीबरोबर ते अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना हा मुलगा झाला. काही महिन्यांचे हे तान्हे मूल १९४१ सालच्या ‘गोल्डन गेट गर्ल’ ह्या चित्रपटात झळकले. त्याच वर्षी कुटुंब हाँगकाँगला परतले, आणि वर्षअखेरीस त्या नगरीवर जपानची सत्ता आली, ती १९४५ पर्यंत टिकली. चिनी संगीत नाटकात युद्ध हा अभिनयाचाच एक भाग असतो. तेथे नट तालावर झुंजतो, आणि झुंजीच्या ऐन भरात एकाएकी थबकून, दृष्टी रोखून, क्षणभर चित्रासारखा उभा राहतो. तो थबकलेला क्षण हीच प्रेक्षकांनी दाद देण्याची जागा. ज्या मुलाने बालपण अशा नाटकांच्या पडद्यामागे काढले, त्याच्या अंगी हा थबकण्याचा संस्कार किती खोल गेला असेल, हे त्याचे पुढील चित्रपट पाहताना पदोपदी जाणवते.

बालनट म्हणून लीने सुमारे वीस चित्रपटांत कामे केली. १९५० सालच्या ‘द किड’ ह्या चित्रपटात तो रस्त्यावर वाढलेल्या पोराच्या भूमिकेत आहे; त्याच चित्रपटात त्याचे वडीलही आहेत. ‘सिउ-लुंग’ म्हणजे ‘लहानगा ड्रॅगन’ हे त्याचे पडद्यावरचे नाव ह्याच बालपणातले. १९६० साली लोकांपुढे आलेल्या ‘द ऑर्फन’ ह्या चित्रपटात त्याने युद्धात आईबापांस मुकलेल्या, वाममार्गास लागलेल्या मुलाचे काम केले. त्यात कुंग-फूची करामत नाही. आहे तो आतल्या आत धुमसणारा, कोणी प्रेमाने बोलले तरी संशयाने पाहणारा एक तरुण. ह्या भूमिकेतील डोळे आणि पुढे बारा-तेरा वर्षांनी जगाने पाहिलेले डोळे एकच आहेत. पौगंडावस्थेत रस्त्यावरील भांडणांत सापडू लागल्यावर तो इप मान ह्या गुरूकडे विंग चुन ही विद्या शिकू लागला. आणि त्याच सुमारास नृत्याचाही नाद लागून १९५८ साली हाँगकाँगच्या चा-चा नृत्यस्पर्धेत त्याने पहिला क्रमांक मिळविला. नाट्य, युद्ध आणि नृत्य ह्या तीन विद्या ह्या मुलाच्या अंगी एकाच काळात मुरत होत्या, आणि त्यांना पुढे कधी निरनिराळे करता आले नाही.

१९५९ साली वयाच्या अठराव्या वर्षी तो अमेरिकेस गेला. सिॲटलमध्ये उपाहारगृहात काम करीत त्याने शिक्षण पुरे केले, १९६१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला, तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, आणि चिनी युद्धविद्या चिनी नसलेल्यांसही शिकविण्यास प्रारंभ केला. १९६४ मध्ये तो कॅलिफोर्नियात ओकलंड येथे गेला. ह्या वर्षांत त्याचे जे चिंतन झाले त्याचे फलित म्हणून १९६७ साली त्याने आपल्या पद्धतीस ‘जीत कुन दो’, म्हणजे ‘वाटेत अडविणाऱ्या मुठीचा मार्ग’, असे नाव दिले. प्रतिपक्षाचा वार पुरा होण्यापूर्वी, तो निघताक्षणीच त्यास गाठावयाचे, हे तिचे सूत्र. ह्या कल्पनेचे एक मूळ पाश्चात्त्य तलवारबाजीत आहे. ठरीव पवित्रे, साखळीसारखे पाठ केलेले डाव आणि घराण्यांचे अभिमान हे सारे त्याने ओझे मानले. जेवढे आवश्यक तेवढेच करावे आणि अनावश्यक ते छाटून टाकावे, असा त्याचा आग्रह होता.

ह्या विचाराचा एक धागा आपल्या देशाशी जुळतो. १९७० साली पाठीस गंभीर दुखापत होऊन लीस कित्येक महिने अंथरुणास खिळून राहावे लागले. त्या काळात त्याने जे वाचले त्यात जिद्दू कृष्णमूर्तींचे ग्रंथ होते, आणि त्याच्या टिपणवह्यांवर त्यांची छाप उघड दिसते. सत्याकडे नेणारा आखीव रस्ता नसतो, असे म्हणून कृष्णमूर्तींनी १९२९ साली आपल्याभोवती उभी राहिलेली ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही संस्था स्वतःच विसर्जित केली होती. लीनेही १९७० च्या आरंभी आपल्या शाळा बंद केल्या. कारण त्याच्या नावाची पद्धत म्हणजे आणखी एक घराणे होईल, ही भीती त्यास वाटू लागली होती. एका बाजूस मद्रास प्रांतात जन्मलेला तत्त्वचिंतक आणि दुसऱ्या बाजूस हाँगकाँगचा हा लढवय्या. दोघांचे विषय निराळे, परंतु अनुयायांच्या आंधळ्या भक्तीविषयीची दोघांची धास्ती एकच होती.

येथेच लीच्या कलाजीवनातील मुख्य पेच उभा राहतो. त्याच्या मते खरी लढाई क्षणार्धात संपावयास हवी. तीत शोभा नसते. डोळ्यात बोट, गुडघ्यावर लाथ, आणि सारे आटोपले. परंतु जी लढाई क्षणार्धात संपते ती प्रेक्षकांस दिसत नाही. पडद्यास हवे असते ते उलट : लांबण, स्पष्टता, आकृतीचे सौंदर्य. १९६६-६७ मध्ये ‘द ग्रीन हॉर्नेट’ ह्या २६ भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेत तो केटो नावाच्या मुखवटाधारी सारथ्याचे काम करीत होता. तेव्हा त्याचे हात इतके जलद चालत की कॅमेऱ्यास ते टिपता येत ना, आणि म्हणून त्यास वेग कमी करावयास सांगावे लागे, असे सांगतात. ही आख्यायिका विनोदी वाटली तरी तिच्यात सारा पेच सामावलेला आहे. डोक्याच्या उंचीवर मारलेली लाथ प्रत्यक्ष झुंजीत धोक्याची, हे तो शिष्यांस बजावीत असे. आणि पडद्यावर त्याची जी लाथ जगप्रसिद्ध झाली ती डोक्याच्या उंचीवरचीच. मग ह्या मनुष्याने लोकप्रियतेसाठी आपल्या तत्त्वास तिलांजली दिली काय? त्याच्या चित्रपटांची परीक्षा करावयाची ती ह्या प्रश्नाच्या आधारे.

आपल्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. लीच्या बाबतीत वाचिक अभिनयाचा बहुतेक लोपच झालेला होता. त्या काळी हाँगकाँगचे चित्रपट आवाजावाचून टिपीत आणि मागाहून त्यांत संवाद भरीत. मँडरिन भाषेतील त्याच्या चित्रपटांत संवादांचा आवाज दुसऱ्याचा असे. आहार्य म्हणाल तर कित्येकदा उघडे अंग आणि साधी विजार, एवढेच. उरले आंगिक आणि सात्त्विक, म्हणजे शरीर आणि त्यातून उमटणारे मन. सामान्य मारामारीपटांत शरीर तेवढे असते. लीने त्यास मनाची जोड दिली. त्याचा लोकांस माहीत असलेला तो तीक्ष्ण, मांजराच्या फिसकारण्यासारखा आवाज, जो ‘फिस्ट ऑफ फ्युरी’पासून त्याचा स्वतःचा आहे, हाच त्याचा वाचिक अभिनय. शब्द हिरावले गेलेल्या नटाने एका स्वरात राग, उपहास, वेदना आणि कधी कधी भीतीही कशी भरली, हे डोळे मिटून ऐकले तरी कळते.

अमेरिकेत त्यास नायकाची भूमिका मिळाली नाही. १९७१ साली ‘लाँगस्ट्रीट’ ह्या मालिकेच्या पहिल्या भागात एका आंधळ्या गुप्तहेरास विद्या शिकविणाऱ्या गुरूचे काम त्याने फार चांगले केले. परंतु ‘कुंग फू’ ह्या १९७२ मध्ये सुरू झालेल्या मालिकेसाठी त्याच्या नावाचा विचार होऊनही, अर्धचिनी नायकाची ती भूमिका डेव्हिड कॅराडाइन ह्या गौरवर्णी नटास दिली गेली. १९७१ च्या आरंभी जेम्स कोबर्न आणि स्टर्लिंग सिलिफंट ह्या दोघा मित्रांबरोबर तो हिंदुस्थानातही येऊन गेला. अमेरिकन कंपनीचे रुपये ह्या देशात अडकून पडले होते, आणि त्यांत ‘द सायलेंट फ्ल्यूट’ नावाचा चित्रपट होऊ शकेल काय, हे पाहण्यासाठी ही मंडळी स्थळे हुडकीत फिरली. मनाजोगते काही सापडले नाही आणि बेत बारगळला. अखेर त्याच वर्षी हाँगकाँगच्या गोल्डन हार्वेस्ट ह्या नव्या कंपनीने त्यास दोन चित्रपटांसाठी १५,००० डॉलर देऊ केले, आणि हिंडून आलेले पाखरू मूळच्या घरट्याकडे परतले.

‘द बिग बॉस’ हा थायलंडमध्ये घेतलेला पहिला चित्रपट १९७१ च्या अखेरीस लागला आणि त्याने हाँगकाँगमधील उत्पन्नाचे सारे विक्रम मोडले. कथा सामान्य आहे : बर्फाच्या कारखान्यात मजुरीस आलेला तरुण, बर्फाच्या लाद्यांतून चाललेला मादक द्रव्यांचा व्यापार, नाहीसे होणारे मजूर. परंतु तीत एक युक्ती आहे. हात उचलणार नाही असे वचन नायकाने आईस दिले आहे, आणि त्या वचनाची आठवण म्हणून गळ्यात एक ताईत बांधला आहे. त्यामुळे चित्रपटाचा बराच मोठा भाग तो लढतच नाही. सोबती मार खातात, हा मूठ आवळतो, ताइताकडे पाहतो आणि मूठ सोडतो. जगातील सर्वांत चपळ मनुष्य स्वस्थ उभा राहिलेला पाहण्यात जो ताण आहे, तो पुढे झालेल्या लढाईतही नाही. आवरून धरलेला प्रहार हा मारलेल्या प्रहाराहून बोलका असतो, हे लीला येथे उमगलेले दिसते. किंबहुना बालपणी नाटकांत पाहिलेला तो थबकलेला क्षणच त्याने येथे ताणून लांबविला आहे.

‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७२) हा त्याच्या चित्रपटांतील सर्वांत प्रक्षोभक. प्रसिद्ध गुरू हुओ युआन-जिया ह्यांचा १९१० मध्ये शांघाय येथे मृत्यू झाला. त्या मृत्यूमागे जपान्यांचा हात होता अशा कल्पनेवर ही कथा रचली आहे. चेन-झेन हा काल्पनिक शिष्य सूड घेतो. त्यातील एक प्रसंग हिंदी प्रेक्षकाने मान खाली घालून पाहावा असा आहे. शांघायच्या सार्वजनिक बागेच्या दारावर ‘कुत्री व चिनी लोक ह्यांस मज्जाव’ अशी पाटी आहे. (नेमक्या ह्या शब्दांची पाटी खरोखर होती काय, ह्याविषयी वाद आहे, परंतु बाग परदेशी समाजासाठी राखीव असल्याचा नियम आणि कुत्र्यांस बंदीचा नियम, हे दोन्ही तेथे होते, आणि १९२८ पर्यंत चिनी जनतेस ती बाग बंद होती हे निर्विवाद.) त्या दारावर चेनला अडविणारा पहारेकरी पगडी घातलेला शीख आहे. परक्या साम्राज्याने एका गुलामाच्या हाती दुसऱ्या गुलामास अडविण्याचा दंडुका दिला होता, हा इतिहास पटकथेने एका शब्दानेही सांगितलेला नाही. तो पहारेकऱ्याच्या वेषातूनच आपणास कळतो. लीने पाटी लाथेने हवेत उडवून तिचे तुकडे केले, तेव्हा हाँगकाँगच्या चित्रपटगृहांत जो जल्लोष झाला असेल तो समजण्यास आपणास भाष्यकार नको.

आमच्या शास्त्रकारांनी वीर आणि रौद्र ह्या दोन रसांत भेद केला आहे. वीराच्या मुळाशी उत्साह असतो आणि तो उत्तम प्रकृतीच्या पुरुषाच्या ठायी वसतो. रौद्राच्या मुळाशी क्रोध असतो आणि तो उद्धतांचे लक्षण होय. दोन्हींत युद्ध आहे, म्हणून सामान्य प्रेक्षक त्यांची गल्लत करतो. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ हा रौद्राचा चित्रपट आहे, आणि त्याचे श्रेय हे की, तो स्वतःस वीराचा म्हणवून घेत नाही. चेनचा क्रोध त्याच्या शाळेवरच उलटतो. ज्यांच्यासाठी तो लढला ते सोबतीच मारले जातात. अखेरीस तो स्वतःस पोलिसांच्या स्वाधीन करावयास तयार होतो, आणि दाराबाहेर रोखलेल्या बंदुकांवर आरोळी ठोकून झेप घेतो; ती झेप हवेतच स्थिर होऊन चित्रपट संपतो. गोळ्यांचा आवाज आपण ऐकतो, पडणारा देह पाहत नाही.

‘द वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२) हा लीने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. म्हणून त्याच्या विचाराचा हा सर्वांत विश्वसनीय पुरावा. पूर्वार्ध विनोदी आहे. रोममधील चिनी उपाहारगृहाचे गुंडांपासून रक्षण करण्यास आलेला तांग-लुंग हा खेडवळ तरुण. त्यास भाषा येत नाही, तो भलतेच पदार्थ मागवितो, लाजतो, गोंधळतो. विनोद काही ठिकाणी पातळ आहे, पण त्यातील शरीराचा अवघडलेपणा खऱ्या विनोदी नटाचा आहे. बापाचा वारसा येथे प्रकट होतो. उत्तरार्धात कलोसियमच्या भग्न कमानींत चक नॉरिस ह्या प्रत्यक्षातील कराटेवीराशी त्याची गाठ पडते. ह्या प्रसंगाचा बराच भाग हाँगकाँगमध्ये उभारलेल्या देखाव्यात टिपलेला असला, तरी त्याची रचना सर्वस्वी अस्सल आहे.

दोघे लढण्यापूर्वी समोरासमोर शरीर मोकळे करतात, हाडे कडकडतात, एक मांजराचे पिल्लू तेवढे साक्षीला आहे. पहिल्या फेरीत तांग-लुंग ठरीव पवित्र्यात लढतो आणि मार खातो. मग तो थांबतो, स्वतःशी काही उमजल्यासारखा पाय मोकळे सोडतो, नर्तकासारखा तोल बदलीत हलू लागतो, आणि पारडे फिरते. ‘जीत कुन दो’चा सिद्धान्त, म्हणजे साचा टाकल्याशिवाय गती नाही हे तत्त्व, येथे एकही वाक्य न उच्चारता सिद्ध झाले आहे. प्रतिपक्षाचा हात आणि पाय निकामी झाल्यावर तांग-लुंग मान हलवून त्यास विनवितो की, पुरे कर. तो ऐकत नाही. मग नाइलाजाने त्याचा अंत करून, त्याचा अंगरखा आणि काळा पट्टा आणून तो प्रेतावर पांघरतो, आणि गुडघे टेकून बसतो. जयाचा हर्ष त्याच्या मुद्रेवर नाही. येथे आपण रौद्रातून निघून वीरात आलो आहो. कारण शत्रूची योग्यता जाणणे हे वीराचे पहिले लक्षण. वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. लाथ प्रेक्षकांसाठी उंच गेली असेल, परंतु ती मारण्यापूर्वीची एकाग्रता आणि मारल्यानंतरची खिन्नता ह्यांत अनावश्यक असे काहीही नाही.

‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) हा अमेरिकन भांडवलावर निघालेला चित्रपट सर्वांत प्रसिद्ध आहे. २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत त्याचा समावेश झाला. मला तो त्याच्या मागील चित्रपटाहून उणा वाटतो. ज्या नटाने एका वर्षापूर्वी परक्यांच्या बागेची पाटी फोडली, तोच येथे ब्रिटिश गुप्तहेरखात्याचे काम अंगावर घेतो. एकान्त बेटावरील खलनायक, त्याचा नकली हात, कैदी, अफू, हे सारे परदेशी रहस्यपटांचे उसने सामान आहे. तरीही दोन जागा विसरता येत नाहीत. एक, बहिणीच्या मृत्यूस कारण झालेल्या ओहाराच्या छातीवर तो झेप घेऊन उतरतो तो क्षण. कॅमेरा पायाकडे पाहत नाही, मुद्रेकडे पाहतो. मंद गतीत ती मुद्रा वेडीवाकडी होते, थरथरते, जणू मारणाऱ्यालाच मार बसला आहे. सूडात सुख नसते, हे वाक्य आपण शंभर वेळा ऐकलेले असते. येथे ते पाहावयास मिळते. दुसरी जागा आरशांच्या महालातील. शत्रू एक आणि प्रतिमा अनेक. अखेर प्रतिमाच फोडल्याशिवाय खरा मनुष्य सापडत नाही, हे ध्यानी येऊन तो एकेक आरसा फोडीत जातो. खलनायकाचे काम करणारा शी-किएन हा १९४९ पासून निघत असलेल्या वाँग फेई-हुंग चित्रमालिकेतील जुना, कसलेला खलनट. त्यामुळे ह्या झुंजीत चिनी चित्रपटसृष्टीच्या दोन पिढ्या समोरासमोर येतात, हे चिनी प्रेक्षकांस जाणवल्यावाचून राहिले नसेल.

ह्या चित्रपटांचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. स्त्रीपात्रे बहुधा शोभेपुरती आहेत. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’तील जपानी माणसे माणसे नसून कडू आठवणींचे पुतळे आहेत. कथानकांचे सांधे ढिले आहेत. नायकास विचार करावयास लावील असा तोलाचा प्रतिपक्षी एखाददुसराच. लीला जर समर्थ लेखक आणि थोर दिग्दर्शक लाभला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मनात येतो. परंतु काळाने त्याचे उत्तर देण्यास अवसर ठेवला नाही. २० जुलै १९७३ रोजी, ‘एंटर द ड्रॅगन’ लोकांपुढे येण्यास अवघे काही आठवडे उरले असता, मेंदूस सूज येऊन हाँगकाँगमध्ये त्याचा अंत झाला. वय ३२. त्या मृत्यूविषयी कंड्या पुष्कळ पिकल्या; रीतसर चौकशीत तो अपघाती ठरला, आणि समीक्षेस त्याहून अधिक कर्तव्य नाही.

मागे राहिला तो ‘द गेम ऑफ डेथ’ हा अपुरा चित्रपट. मजल्यामजल्यावर निरनिराळ्या पद्धतीचा एकेक निष्णात बसलेला आहे, असा मनोरा नायकाने चढत जावयाचा, अशी त्याची कल्पना होती. शेवटच्या मजल्यावर करीम अब्दुल-जब्बार हा सात फुटांहून उंच शिष्यच प्रतिपक्षी आहे. त्याची कोणतीच ठरीव पद्धत नाही, म्हणून तोच सर्वांत अवघड. १९७८ साली दुसऱ्यांनी ह्या अवशेषाभोवती तोतये उभे करून एक चित्रपट जुळविला आणि त्यात लीच्या खऱ्या अंत्यदर्शनाची दृश्येही घातली. त्या चित्रपटात लीने स्वतः केलेला भाग जेमतेम दहा-बारा मिनिटांचा. बाकीचा वेळ तोतया तेच कपडे घालून तेच डाव करतो. लाथ तीच, उडी तीच, आरोळीही तशीच, आणि तरीही पडदा रिकामा. लीचे मोठेपण कशात होते, हे त्याच्या स्तुतिपाठकांपेक्षा ह्या तोतयाने अधिक चांगले दाखवून दिले आहे.

त्याच्यानंतर अनुकरण करणाऱ्यांची रीघ लागली. त्याच्याच नावाशी साम्य असलेली नावे धारण करून कित्येकांनी चित्रपट काढले. आपल्या शहरांतील कराट्याच्या वर्गांतूनही त्याचे चित्र भिंतीवर दिसते, आणि मुले त्या चित्राखाली लाथा घोटतात. त्यांस त्यापासून परावृत्त करावे असे मला वाटत नाही. शरीर कमावणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु मुलांबरोबर वडील मंडळींनीही एकदा हे चित्रपट पाहावेत, आणि मारामारी आली म्हणजे आपसांत बोलू लागण्याऐवजी मुलांस दोन गोष्टी दाखवून द्याव्यात. वार करण्यापूर्वी हा मनुष्य किती वेळ स्वतःस आवरून धरतो, ही एक; आणि वार लागल्यावर त्याचे डोळे कसे होतात, ही दुसरी. ज्या चित्रपटांत मारणाऱ्यास काहीच होत नाही ते चित्रपट मुलांस क्रूरता शिकवितात. लीच्या चित्रपटांत प्रत्येक मोठा प्रहार मारणाऱ्याकडूनही काही घेऊन जातो, आणि ते घेतलेले आपणास त्याच्या मुद्रेवर दिसते. कलोसियममध्ये शत्रूच्या देहावर अंगरखा पांघरणारा तो हात मुलांच्या ध्यानी राहिला, तर त्यांनी लाथेची नक्कल खुशाल करावी.